ब्रेकमधली हवा

गोपीनाथराव गाडीत बसले आणि इकडे हेमाची पोळी तव्यावर करपली.

तिचं सगळं लक्ष स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगणात होतं. तिथं तिच्या नवऱ्याची, श्रीपादची, दोन माणसांची लाल शर्यतीची गाडी उभी होती. ठाण्याचे कंत्राटदार गोपीनाथराव ती विकत घ्यायला आले होते. सौदा सासऱ्यांनी, हरिहरपंतांनी ठरवलेला. ते कोट चढवून शेजारी उभे होते. आणि श्रीपाद? नेहमीसारखा मुकाट. बापापुढे या माणसानं जन्मात कधी ब्र काढला नव्हता.

गाडी मूळची शहाडच्या कारखान्यातल्या साहेबाची. सत्तेचाळीस साली विलायतेला परत जाताना तो ती श्रीपादच्या गळ्यात घालून गेला. गळ्यातच म्हणायची! पळायची वाऱ्यासारखी, पण गॅलनला जेमतेम पंधरा मैल. "गाडी आहे की अगस्ती?" हरिहरपंत कुरकुरायचे. आणि ब्रेकची तर निराळीच तऱ्हा. आठवडाभर गाडी झाकून ठेवलेली, बाहेर निघायची फक्त रविवारी संध्याकाळी, आणि रविवारी सकाळी पाहावं तर ब्रेकमध्ये हवा. पाय ठेवला की पेडल थेट तळाला. दगडू मिस्त्रीनं दोनदा आतली रबरं बदलली. शेवटी त्यानंही हात टेकले.

हेमा त्या गाडीतून एकदाही फिरली नव्हती. जागा दोनच. एक श्रीपादची, दुसरीवर कधी सासूबाई, कधी आत्याबाई, कधी कोणी पाहुणा. घरात वडीलधारे असताना बायकोला शेजारी बसवून कल्याणातून मिरवायचं? लोक शेण घालतील तोंडात! घरातही दोघं एकमेकांशी धड बोलत नसत. बायका माजघरात निजायच्या, पुरुष ओटीवर.

पण ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं चाकामागचा स्क्रू सैल करायचा आणि दुसऱ्यानं आत बसून पेडल दाबायचं. म्हणून रविवारी सकाळी हेमा ड्रायव्हरच्या जागी बसायची आणि श्रीपाद खाली जमिनीवर आडवा. "दाब. धर. सोड." घराला ऐकू यायचं ते एवढंच. मधल्या वेळात तो हलक्या आवाजात सगळं बोलून घ्यायचा. कारखान्यातल्या नव्या साहेबाची नक्कल करायचा. "जेवतेस ना नीट? वाळलीस गं," असंही म्हणायचा. तोंड दिसत नाही म्हणून त्याला धीर यायचा की काय, कोण जाणे. एकदा हेमाला असं हसू फुटलं की तिनं भलत्याच वेळी पेडल दाबलं, आणि एरंडेलासारख्या वासाचं ब्रेकचं तेल त्याच्या तोंडावर उडालं. आतून सासूबाईंनी विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काही नाही, हवा निघाली!" ती म्हणाली.

संसार म्हणावा तर तेवढाच तिच्या वाट्याला आला होता. तो आज ठाण्याला निघाला होता.

काल दुपारी हरिहरपंतांनी मिस्त्रीला बोलावून ब्रेक पक्का करून घेतला. पेडल कसं दगडासारखं घट्ट. तिच्या जागेवर मिस्त्रीचा माणूस बसला होता. हेमाचा नुसता जळफळाट झाला. आणि श्रीपाद शेजारी उभा राहून मिस्त्रीला पाने देत होता! याला काहीच कसं वाटत नाही? तिला रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे दुधाला बाहेर पडली तेव्हा पाना घेऊन ती गाडीपाशी वाकली आणि पुढच्या उजव्या चाकाचा स्क्रू सैल करून आली, म्हणजे पुन्हा आत हवा शिरेल. गिऱ्हाईक पेडल दाबून बघेल, नाक मुरडेल आणि आल्या पावली परत जाईल. झालं!

पण गोपीनाथरावांनी पेडलला पायही लावला नाही.

"आधी ब्रेक दाबून बघा," श्रीपाद म्हणाला. म्हणाला, आणि पुन्हा एकदा म्हणाला.

"अहो, अशा छप्पन गाड्या पळवल्यात आम्ही!" गोपीनाथराव हसले. इंजिन गुरगुरलं.

दारापुढची गल्ली उताराची. खाली तलावावर बायका धुणं धूत असायच्या. हेमानं सांगितलं तर रविवार गेलाच, वर माहेरची वाट धरावी लागणार. आणि नाही सांगितलं तर? तिनं उलथनं टाकलं आणि पदर सावरत ती थेट पुरुषांत धावली.

"थांबा! उतरा आधी! ब्रेक नाहीत गाडीला!"

इंजिन बंद झालं. हरिहरपंत लालबुंद. "सूनबाई! काल मिस्त्रीनं माझ्यासमोर पक्के केलेत. तुला काय कळतंय त्यातलं?"

"मीच सैल केलेत, मामंजी. आज पहाटे. पुढच्या उजव्या चाकाचा स्क्रू."

गोपीनाथराव विंचू चावल्यासारखे गाडीतून बाहेर पडले. दारात सासूबाईंनी "अगं बाई!" म्हणून कपाळाला हात लावला.

"का?" हरिहरपंत ओरडले. "माणूस मारायचा होता का?"

हेमा काय सांगणार? आठवड्यातून एकदा नवऱ्याचा आवाज ऐकायला मिळतो म्हणून? तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही.

"पुढचा तिनं सोडला असेल, नाना."

बोलला तो श्रीपाद. तो चालत आला आणि सगळ्यांदेखत बायकोच्या अगदी शेजारी उभा राहिला.

"मागचा काल रात्री मी सोडला. दर शनिवारी मीच सोडतो."