सांभाळून घेणं

“बस ओपलच्या पाठुंगळी!” मॅनेजर पर्डी बाकावरून खेकसले.

वर्ना बसली नाही. शेवटची दहा मिनिटं उरली होती, तिचा संघ चौदा गुणांनी पुढे होता आणि आता आचरटपणा सुरू करायची वेळ झाली होती. गावोगावचा रिवाजच तो. स्कार्लेट क्वीन्सच्या सात जणींनी केसांना मेंदी थापून लालभडक व्हायचं, गावातल्या पुरुषांशी पुरुषांच्याच नियमांनी बास्केटबॉल खेळायचा आणि शेवटी पंचाच्या टकलाचा मुका घे, एकमेकींच्या पाठुंगळी बसून बॉल टाक, असं करत आघाडी घालवायची. जिंकायचं ते दोन गुणांनी. गावच्या पुरुषांचं नाक शाबूत राहिलं, की पुढच्या वर्षी बोलावणं येतं. हे पर्डींचं शास्त्र.

पण आजचं गाव ऑल्डेन होतं, वर्नाचं स्वतःचं. याच जिममध्ये ती बॉल टाकायला शिकली होती आणि ती सोळा वर्षांची असताना हेडमास्तर डिट्रिक यांनी इथला मुलींचा संघ बंद केला होता. मुलींच्या तब्येतीला झेपत नाही म्हणे. त्या मुली पहाटे उठून वीस-वीस गाईंच्या धारा काढून शाळेत यायच्या. ते कसं झेपायचं, हे कुणी विचारलं नाही.

आता गावातल्या मुलींनी संघासाठी पुन्हा अर्ज केला होता. सोमवारी शाळा समिती निकाल देणार होती आणि समितीचे पाचही सभासद आज पहिल्या रांगेत होते. त्यांना ऐकू जावं म्हणूनच डिट्रिक यांनी मध्यंतरात माइक हातात घेतला होता.

“मंडळी, तीन वर्षं आपण फक्त दोन गुणांनी हरतोय. तेही आपले आगीच्या बंबावरचे जवान बायकांना सांभाळून घेतात म्हणून! मजा येते की नाही? पण मजा वेगळी आणि खेळ वेगळा. सोमवारी एवढं लक्षात असू द्या.”

सगळे हसले होते. वर्नाच्या मस्तकात तिडीक गेली होती. ते दोन गुण तीन वर्षं तिनेच तर बेतून दिले होते. या माणसाच्या हातात आयतं कोलीत तिनेच दिलं होतं.

“वर्ना, पाठुंगळी बस, नाहीतर उद्या गाडीत बसू नकोस!” पर्डी पुन्हा ओरडले.

“नाही बसत. कुठंच नाही बसत. आज खेळते.”

ओपलने तिच्याकडे पाहिलं. “पर्डी म्हातारा आपली सालटी काढेल गं.”

“काढू दे.”

“मग दे इकडे बॉल,” ओपल म्हणाली.

पुढे जे झालं, त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. वर्नाने लांबून तीन बॉल टाकले, तिन्ही जाळीत. ओपलने बंबवाल्यांच्या हातातून बॉल असे काढून घेतले, जसा आई पोराच्या हातातून चाकू काढून घेते. बंबवाल्यांचा कप्तान रॉस्को गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता.

“अगं बाई, ते पाठुंगळीचं कधी करणार? तेवढाच आम्हाला दम खायला मिळतो!”

“तुम्ही सांभाळून घेत होतात ना? आता नका घेऊ,” वर्ना म्हणाली.

पर्डींनी हॅट डोळ्यांवर ओढून घेतली. शिट्टी वाजली तेव्हा फळ्यावर एकाहत्तर-चौतीस होतं. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे लोकांना कळेना.

डिट्रिक घाईघाईने माइकपाशी गेले. घसा खाकरून म्हणाले, “तर मंडळी, आपल्या जवानांनी आज मोठ्या मनाने, काय म्हणतात ते, बायकांना जिंकू दिलं!”

मग जमिनीवर फतकल मारून बसलेला रॉस्को फसकन हसला. त्याची बायको हसली. बघता बघता अख्खी जिम हसायला लागली. वर्षानुवर्षं आचरटपणा करूनही क्वीन्सना असा हशा कधी मिळाला नव्हता. डिट्रिक हात वर करून लोकांना गप्प करू पाहत होते आणि पहिल्या रांगेत शाळा समितीचे पाचही सभासद पोट धरून हसत होते.