चाकांवरचं स्थळ

"वजन एका पायावर! दुसरा पाय विसरा!" श्रिया सायकलवरून ओरडली.

निशिकांतनं दुसरा पाय विसरायचा प्रयत्न केला आणि तो थेट ईस्ट कोस्ट पार्कच्या हिरवळीत जाऊन बसला. पायांत चाकं लावलेल्या लांब स्की, हातांत दोन काठ्या, डोक्यावर हेल्मेट. सिंगापूरच्या डिसेंबरात घाम नुसता निथळत होता.

बाकावर बसलेल्या सुनेत्रानं डोळेच मिटून घेतले. मांडीवर कांदेपोह्यांचा डबा होता. पहाटे उठून तिनं स्वतः केले होते.

"लग्नासाठी आणलाय ना गं माणूस, का सर्कशीसाठी?" शेजारी बसलेली तिची मैत्रीण विनीता कुजबुजली. स्थळ तिनंच आणलं होतं. "पत्रिका जुळली, घर चांगलं, बँकेत नोकरी. आणखी काय हवंय तुझ्या लेकीला?"

"तिची अटच आहे. घरात येणारा माणूस जानेवारीत आमच्याबरोबर बर्फावर आला पाहिजे."

दोन वर्षांपूर्वी, २००५ च्या जानेवारीत, श्रियाचा सायकल क्लब जपानला, होक्काइदोच्या बर्फात गेला होता. हिवाळ्यात स्केट-स्की, म्हणजे स्केटिंगसारखे पाय ढकलत सपाट बर्फावर स्की केली की मांड्या आणि छाती तयार होते, गुडघ्यांना धक्का बसत नाही आणि पुढे सायकल चढावर पळते, असं त्या मंडळींचं शास्त्र. सुनेत्रा नुसती सोबतीला गेली होती. तिसऱ्या दिवशी तिनंही स्की बांधल्या. डावा, उजवा, डावा... आणि एकाएकी बर्फच तिला पुढे नेऊ लागला. श्रियाचे बाबा गेल्यापासून इतक्या मोठ्यानं ती पहिल्यांदाच हसली होती.

याआधीची दोन स्थळं श्रियानं पाच मिनिटांत परत पाठवली होती. एकाला बर्फ म्हणताच सर्दी आठवली. दुसऱ्यानं विचारलं, "बायकांना कशाला असले खेळ?" हे तिसरं मात्र सुनेत्राला मनापासून आवडलं होतं. श्रिया नाही म्हणाली, तर विषय कायमचा संपला, हेही तिला ठाऊक होतं.

"आणखी एकदा!" निशिकांत गवत झटकत उठला.

डावा ढकलला. उजवा. काठ्या एकदम मागे गेल्या, खांदे सैल पडले आणि चाकांचा खडखडाट थांबून लांबलचक, एकसंध सूर निघाला. समुद्राकडून वारा आला. निशिकांत अक्षरशः तरंगत निघाला.

"जाऊ द्या! थांबू नका!" सुनेत्रा बाकावरून उठून ओरडली.

"अगं, डबा!" विनीतानं डबा वरच्या वर झेलला.

निशिकांत पोरासारखा खिदळत सुसाट आला, दोघींसमोरून पुढे गेला आणि एका माडाला मिठी मारून थांबला.

"अहो, थांबायचं कसं ते शिकवलंच नाहीत!"

"ते जानेवारीत!" श्रिया हसत सुटली.

श्रियानं सायकल आडवी टाकली, निशिकांतचा हात धरून त्याला बाकापाशी आणलं आणि आईसमोर उभं केलं.

"पास! एकदम पास ला!" ती अस्सल सिंगापुरी हेलात म्हणाली. "आता काढ तारीख. आणि आई, कुणाला मध्ये घ्यायचं नाही हं. तुझं कन्यादान मी करणार."