पंचेचाळीस नंबरचं दार

वामन उकिडवे मास्तरांनी गेरूच्या डब्यात ब्रश बुडवला आणि शेजारच्या वृद्ध सरदारणीच्या, बीजींच्या, दारावर ४१ लिहिलं.

पंजाबातल्या, खरड गावाच्या रस्त्यावरच्या या वस्तीला इतिहास नव्हता. सात वर्षांपूर्वी इथे गहू होता. लोकसंख्या मात्र होती. म्हणून १९९०च्या मे महिन्यात, जनगणनेआधीची घरं मोजायला, सरकारने शाळेतून मास्तरांना उचललं. ते राहायलाही याच गल्लीत. सरकारला ते सोयीचं वाटलं.

बीजी बाहेर आल्या. हात कणकेचे. "हे काय, मास्टरजी?"

"घराचा नंबर. आता सांगा, माणसं किती?"

"दारावर कशाला? वहीत लिहा की."

"नियम आहे, बीजी."

"चौऱ्याऐंशीला दिल्लीत माझ्या भावाच्या दारावरही आदल्या दिवशी कुणी खूण करून गेलं होतं. त्या घरात माणसं पाच होती. ती लिहायची तर लिहा."

मास्तरांच्या वहीत तसा रकाना नव्हता.

समोरचे श्यामसुंदर किराणावाले दुसऱ्या बाजूने घाबरलेले. "अतिरेकी बसमधून उतरवून नाव विचारतात आणि हिंदू असला की गोळी घालतात, यार. आणि तुम्ही इथे घरं दाखवून ठेवताय?"

"सगळ्यांच्याच दारावर आहे, लालाजी. शिखांच्या, हिंदूंच्या, सगळ्यांच्या."

"वा! म्हणजे दोन्हीकडच्यांची सोय."

पुसाल तर दंड होईल, असं बजावून मास्तर पुढे सरकले. पंचेचाळीस नंबर त्यांचा स्वतःचा. तो त्यांनी दोन हात देऊन जाड काढला. लोकांपुढे उदाहरण हवं.

गल्ली संपवून ते घरी आले, जेवले, पडले. चार वाजता दार उघडलं तर गल्ली ओली होती. चव्वेचाळीस स्वच्छ. त्रेचाळीस स्वच्छ. समोर लालाजींचं दार तर नवं दिसत होतं. उंबऱ्याउंबऱ्यांवरून तांबडं पाणी गटाराकडे निघालेलं. अख्ख्या गल्लीत आता एकच आकडा होता.

"अहो, आपलंच राहिलंय," मागून नलिनी म्हणाली. "पुसा ते."

"मीच पुसलं तर मेमो येईल."

"मेमो हातात घ्यायला कुणी उरायला नको का?"

तेवढ्यात मोटारसायकल आली. मेच्या उन्हात दोघांनीही तोंडावरून खेस, जाड सुती चादरी, गुंडाळलेले. गल्लीत शिरताच वेग कमी झाला. मास्तरांच्या दारासमोर तर ती चालण्याइतकी हळू झाली. मागच्याने मान वळवली आणि आकडा वाचला. खेसाआड त्याचे ओठ हलले. मग गाडी पुढे गेली. कोपऱ्यावर थांबली. इंजिन बंद झालं नाही.

नलिनीने मास्तरांची बाही धरली. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून लागल्या.

एकट्या बीजी बाहेर आल्या. हातात बादली. ती त्यांनी मास्तरांच्या उंबऱ्यावर ठेवली, फडकं पिळलं आणि पुढे केलं.

"थोडं पाणी उरलंय, मास्टरजी."

मास्तरांनी कोपऱ्याकडे न बघता फडकं घेतलं. नियमानुसार जाड दिलेला गेरू दुपारभरात चांगला वाळला होता. ते घासत राहिले.

चार गेला. पाच जात नव्हता. कोपऱ्यावर इंजिन चालूच होतं.