डावे रबर

इंजिनाला मागून धरणारी दोन्ही रबरे एकाच दिवशी बसवलेली होती. तरीही उजवे शाबूत होते आणि डावे चेपून सपाट झाले होते. त्यामुळेच ती क्रूझर मोटरसायकल वळणावर डुलत असे. “काका, एका कुशीवर चालवता की काय?” मेकॅनिकबाईने विचारले. म्हातारा ढिम्म. तिने डावीकडे येऊन पुन्हा विचारल्यावर तो हसला. “उजवा कान कामातून गेलाय, पोरी. ही मागे बसून डाव्या कानाशी भांडायची. ‘हळू! विमान नाही हे!’” “आणि आता?” “मागची सीट रिकामी.” तिने नवी, कडक रबरे बसवली. तो फेरी मारून परतला. “डुलतच नाही गं. जुनं डावं परत बसवता येईल?” “धोक्याचं आहे, काका.” त्याने ते रबर पुसून खिशात ठेवले. चेपण्याचे कारण साधे होते: बायको वर्षानुवर्षे डावीकडे झुकून त्याच्याशी बोलत होती.