नेमाची भाकरी

गेटच्या आत ग्रेट डेन जातीचं पिल्लू होतं आणि गेटच्या बाहेर तीन पायांची कुत्री. मधे वच्छलाबाई उभ्या होत्या, हातात भाकरी घेऊन.

देवाला नैवेद्य दाखवून झाला होता. कुत्र्याच्या मुखी भाकरी पडल्याशिवाय त्या जेवत नसत. चाळीस वर्षांचा नेम. गावी पिशोरला होत्या तोवर दारात कुत्र्यांची वानवा नव्हती. लेकानं, बद्रीनाथनं, शहरात बंगला बांधला, त्या इकडं आल्या, तेव्हापासून ही तांबडी कुत्री रोज दुपारी गेटपाशी येऊन बसायची. दोन महिन्यांखाली एका गाडीनं तिचा मागचा पाय चिरडला. जखमी जनावरं सांभाळणाऱ्या एका संस्थेनं तिला उचलून नेलं, पाय काढला, जगवलं. आज त्याच संस्थेतली बानाबाई तिला दोरीला धरून आली होती. तीन पायांवर ही रस्त्यावर टिकायची नाही, तुम्ही घरात घेता का, असं विचारायला.

"मावशी, तुमचं दार वळखलं तिनं. कोपऱ्यापासून मलाच वढीत आणलं," बानाबाई म्हणाली.

बद्रीनाथनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. तो पिल्लाचा व्हिडिओ काढत होता. वास्तुशांतीला पुरतं वर्ष झालं नाही आणि पोर्चमध्ये लंगडं कुत्रं बांधायचं का, असं तो बानाबाईचा फोन आल्यापासून म्हणत होता. हे पिल्लू वर्षात कमरेएवढं होणार होतं. अख्ख्या कॉलनीत असं कुणाकडं नव्हतं.

"आई, तुझ्या नेमासाठीच आणलंय म्हण की. यालाच घाल भाकरी."

वच्छलाबाईंनी वाद घातला नाही. आवाज चढवून बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. त्या खाली बसल्या, भाकरीचा कोपरा मोडून पिल्लापुढच्या वाटीतल्या दुधात कालवला. पिल्लू विकायला आलेला सांडू लगबगीनं पुढं झाला आणि त्यानं वाटी बाजूला सरकवली.

"भाकरी नका दाखवू, काकू. या जातीला चालत नसती. जुलाब लागतेत. पाकिटातल्या गोळ्या भिजवून द्यायच्या, बस."

पिल्लू वाटीकडं वळलंच नव्हतं. वच्छलाबाईंच्या लुगड्याच्या निऱ्यांत तोंड खुपसून ते चोखत होतं. पाय लटपटत होते. मधूनच एक बारीक, चिरका आवाज काढत होतं.

बानाबाई दोरी गेटला बांधून आत आली. ती धनगराच्या घरची. मेंढ्यांमागच्या कुत्र्यांची पिल्लं वाढवण्यातच लहानाची मोठी झालेली. तिनं दोन बोटांनी पिल्लाचा जबडा उघडला.

"किती दिसाचं म्हणलास?"

पंचेचाळीस, सांडू म्हणाला.

"पंचेचाळीस दिसाच्या पिल्लाचं तोंड दातांनी भरतं. याच्या सुळ्यांची टोकं आत्ता कुठं हाताला लागायलेत. तीन आठवड्याचं असंल, लई झालं तर. थानावरचं तोडून आणलं लेकरू."

सांडू हसला. इतकी लहान असली की गोजिरवाणी दिसतात, गिऱ्हाइकाला तशीच लागतात, म्हणाला. याची आई कुठं आहे, वच्छलाबाईंनी विचारलं. ती दुसऱ्या जिल्ह्यात होती. मग परत नेऊन घाल, महिनाभर पिऊ दे, त्या म्हणाल्या. ते जमायचं नाही, कुत्रीचं दूध आटवायला घेतलंय, पुढच्या खेपेला नराला लावायचीय तिला. भाजीचा भाव सांगावा तसं त्यानं हे सांगितलं.

 वच्छलाबाईंनी लेकाकडं पाहिलं. लेक मोबाइलवर गळपट्ट्याचे रंग बघत होता.

"बद्री, हा काय म्हणाला, ऐकलंस का?"

"धंदा आहे आई तो. आपण नाही घेतलं तर दुसरा कुणी घेईल. तुला नेम चालवायचा ना? दोन गोळ्या टाक, झाला नेम."

पुढंही तो बरंच बोलला. सकाळी उठून लंगड्या कुत्रीचं तोंड कोण बघणार. आल्यागेल्याला काय सांगायचं. तिला घालायची तर गेटबाहेर घाल की भाकरी, नको कोण म्हणतंय.

वच्छलाबाईंनी पिल्लू उचलून बानाबाईच्या ओटीत दिलं. याला कसं पाजून जगवायचं ते तुलाच ठाव, बाई, म्हणाल्या. सांडू पुढं आला, तशी बानाबाईनं त्याला विचारलं, दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे, हे त्याला माहीत आहे ना. सांडू चपला चढवायला लागला.

वच्छलाबाई गेट उघडून बाहेर गेल्या. रस्त्याच्या कडेला धुळीतच बसल्या आणि उरलेली भाकरी कुत्रीपुढं ठेवली. कुत्री तोल सांभाळत, सावकाश खात राहिली. तिचं खाऊन होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

"झालं ना? चल, जेवून घे आता," बद्रीनाथ गेटातून म्हणाला.

"माझं ताट इकडंच आण."

"रस्त्यावर?"

"हिला आत जागा नाय म्हणलास ना. मग ही जेवली तिथंच मी जेवते. आज बी, उद्या बी."

आवाज तेवढाच होता, रोज पोथी वाचताना असायचा तेवढा. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या दोघी कठड्याशी येऊन थांबल्या.

"आई, लोक बघायलेत."

वच्छलाबाईंनी पदर सावरून नीट मांडी घातली.

बद्रीनाथनं मोबाइल खिशात टाकला. मग आत गेला आणि ताट घेऊन आला. ते खाली ठेवायला वाकला, तेव्हा कुत्री तीन पायांवर उठली आणि जरा सरकून तिनं त्याला जागा करून दिली.