गायक : मालक

आटपाडीच्या चंद्राबाईंचा नवरा मेंढरांमागं हिंडता हिंडता ओव्या गायचा, पण गावाबाहेर त्याला कोण ओळखत नव्हतं. अनोळखी गायक हुडकून लोकांना ऐकवायचा नाद असलेल्या पुण्याच्या अंकितानं जत्रेत त्याची ओवी मोबाईलवर घेतली आणि चंद्राबाईंना विचारलं, "गायकाचं नाव काय टाकू?"

चंद्राबाईंनी नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलंच नव्हतं. त्या पदराआड हसल्या. "आमचं मालक हायती."

अंकिताला वाटलं, कलाकाराचं टोपणनाव असणार. तिनं तेच टाकलं. बघता बघता ओवी गावोगावच्या मोबाईलवर वाजू लागली. चंद्राबाईंचा आनंद पोटात मावेना.

मग एक दिवस सून सोनिया खालच्या कॉमेंटी वाचून दाखवू लागली. "ही नागपूरची म्हणती, 'मालक, तुमच्या आवाजावर जीव जडला.' ही नाशिकची, 'माझे लाडके मालक, परत कधी गाणार?'"

चंद्राबाईंनी तिथल्या तिथं अंकिताला फोन लावायला लावला.



"बाई, ते मालक खोड आदी! गुंडा नाव हाय त्यांचं. गुंडा! मालक फकस्त माझं हायती!"