घडीची सायकल

"घडीची सायकल आली की जा नोकरीला," असं नवरा ऋषिराज म्हणाला, तेव्हा अंकिता हरखून गेली. विट्याहून एसटीने सांगलीला जायचं, स्टँडवर सायकल उलगडायची आणि दवाखाना गाठायचा. "पण हितली टिकत न्हाई. मी परदेशातनं मागवतो," म्हणत त्याने तिला एका हिरव्या सायकलीचा फोटोही पाठवला.

मग सायकल कधी बंदरात अडकली, कधी कस्टममध्ये. आठ महिने झाले. दवाखान्यातून दोनदा फोन आला, तिसऱ्यांदा आला नाही.

नणंदेच्या लग्नाच्या खरेदीला ती सांगलीत आली, तर एका दुकानाच्या दारात तीच हिरवी सायकल उभी. तिने मोबाइलवरचा फोटो दुकानदाराला दाखवला. "आमच्या ह्यांनी अशीच मागवलीय, परदेशातून."

दुकानदार हसला. "आवं वैनी, ह्यो फोटो हितलाच हाय की! मागची निळी भिंत बघा. फोटो काढून तुमचं मालक लय वेळ बसलं हुतं. किंमत इचारलीच न्हाई. बाहेरनं मागवली तर यायला किती दिस लागत्यात, एवढंच इचारलं. मी म्हटलं, लय तर चार म्हैनं. तर म्हणालं, 'त्याच्याहून लांबचा देश न्हाई का?'"